जड फिन, हलके फिन आणि आपलं राहिलेलं भांडण

ताई,

तुझे फिन माझ्या खोलीत दाराला टेकवून ठेवलेत. काळे, रबरी, जड. दुसरीकडं जागा नाही, सगळीकडं पत्रकांचे गठ्ठे. दार उघडलं की एक तरी पडतो आणि असा आवाज होतो की खालच्या काकू विचारतात, "काय पडलं गं?" पहिल्यांदा मी खरं सांगितलं. ताईचे फिन, बदकाच्या पायासारखे असतात, पाण्यात उतरताना पायात घालायचे. तेव्हापासून त्या विचारत नाहीत. मीही ते हलवत नाही. दमलेय मी.

तुझ्या जलदानाच्या कार्यक्रमात सगळे बोलले. तू जिवंत असताना ज्यांनी तुझा फोन उचलला नाही, तेही बोलले. एकानं तुला जलकन्या केलं, एकानं रणरागिणी. तू असतीस तर बुद्धवंदना झाल्या झाल्या मागच्या दारानं चहाच्या पातेल्यापाशी जाऊन उभी राहिली असतीस. मला म्हणाले, प्रज्ञा, तू लिहितेस, ताईवर एक पत्रक काढ. मी रस्त्यावर पत्रक काढलंय, गावतळ्यावर काढलंय, बसस्टँडवरच्या बायकांच्या मुतारीला कुलूप होतं त्यावर काढलंय, अन् तेही कपातला चहा निवायच्या आत. तुझ्यावर जमलं नाही. पत्रकाला शेवटी मागणी लागते. तू गेलीस याच्यावर कुणाकडं काय मागायचं?

म्हणून हे पत्रक नाही. हे तुलाच लिहायलेय, आणि लिहायला कारण आहे.

तुझं सगळं आटोपून आठवडा झाला नव्हता, तोच त्या सरकारी कार्यालयातून फोन आला. ज्याच्या पायऱ्या आपण दोघींनी झिजवल्या, तेच. "पथकासाठी फिन मंजूर झालेत, अभिनंदन." मग म्हणाले, मॅडम आहेत का? मी म्हटलं, नाहीत. त्यांना वाटलं शाळेत असतील. मी पुढं काही सांगितलं नाही, सांगायचा कंटाळा आला. ते म्हणाले, "मग तुम्ही कळवा सोमवारपर्यंत, फिन कोणते पाहिजेत ते. प्रकार एकच लिहायचा. दोन प्रकार लिहिले की फाइल परत फिरते."

म्हणजे बघ. ज्या एका गोष्टीवर आपण बसमध्ये, बाजारात, विहिरीच्या काठावर, दवाखान्यात भांडत राहिलो, ती मला एकटीला सोमवारपर्यंत ठरवायची होती. जड की हलके. चुकलं तर पुन्हा मंजुरी कधी येईल याची खात्री नव्हती, आणि तुझ्या जागी जी कोणी उतरेल, तिच्या पायात ती चूक राहणार होती.

मी आसिफभाईंना फोन केला. पथक त्यांचं. विहिरीत, धरणात, नदीत कुणी बुडालं की आपल्या जिल्ह्यात त्यांनाच फोन जातो, आणि ते दुकानाचं शटर अर्धं ओढून निघतात. ते म्हणाले, "पोरांचं म्हणणं हाय हलके घ्यावे. पण ताईचं म्हणणं वेगळं होतं. तूच ठरव बेटा. बायकांच्या बाबतीत पाण्यात काय करायचं ते आमाला ताईनंच शिकवलं."

ते बायकांच्या बाबतीतलं मला रोज आठवतं.

ती विहीर आठवते तुला, जिथून हे सुरू झालं? गावाचं नाव लिहीत नाही. तू लिहू दिलं नसतंस. शेतातल्या विहिरीत एक सून बुडाली होती. पडली की काय झालं ते तिथं कुणी बोलत नव्हतं, आणि जे बोलत होते ते न बोलते तर बरं. तेव्हा पथकाला तुझी नीट ओळखही नव्हती. तू जिंतूरच्या शाळेतली खेळाची शिक्षिका, कोकणात जाऊन पाठीला हवेचा सिलेंडर लावून पाण्यात उतरायचं शिबिर करून आलेली, एवढंच माहीत. लोकांनी गळ टाकला होता. बादली काढायचा लोखंडी गळ, त्यानंच माणूस काढायचा. गळाला ती आली तेव्हा अंगावर लुगडं अर्धंच होतं, आणि काठावरचे निम्मे हात मोबाइल धरून. तू स्वतःची ओढणी काढून तिच्यावर टाकलीस आणि ट्रॅकसूटवर तशीच उभी राहिलीस. परत येताना बसमध्ये एवढंच म्हणालीस, "काठावर झाकून काय उपेग. खालीच झाकाया पायजे."

तिथून तुझी रीत सुरू झाली. बाई बुडालेली असली की पथक थांबायचं. आधी तू. कमरेला जुनं लुगडं बांधायचं, एका हातात दोर, पाठीवर सिलेंडर, आणि खाली जायचं. तळाशी तिला लुगड्यात नीट गुंडाळायचं, गाठी मारायच्या, मग दोर हलवायचा, मग वरच्यांनी ओढायचं. तुझ्या गल्लीतल्या बायका तुला जुनी लुगडी आणून द्यायच्या. इकडं बोहारीण भांड्यावर लुगडं मागायची अन् त्या म्हणायच्या, न्हाई, ते बाईला द्यायचं हाय.

आता या कामात हात मोकळे राहत नाहीत. दोन्ही हात तिच्याभोवती. पोहायचं, थांबायचं, वळायचं, तोल धरायचा, सगळं पायांनी. म्हणून तुझं सगळं डोकं फिनांवर. लोकांना वाटायचं हौस आहे.

पहिल्या फिनांची फजिती आठवते ना? चपलेच्या नंबरावर मागवले होते. फोनवरच्या माणसानं विचारलं, पायाचा नंबर काय, तू चपलेचा नंबर सांगितलास. आणि तुझी चप्पल लहानपणापासून वाढत्या मापाची. तुझी आई बाजारात एक नंबर मोठीच घ्यायची, पोरीचा पाय वाढतो म्हणून. पाय वाढायचा थांबून वीस-पंचवीस वर्षं झाली, तू मोठीच घालत राहिलीस. आमच्या घरी तेच, सगळ्या वस्तीत तेच. आपल्यातल्या कुणालाच आपल्या पायाचं खरं माप माहीत नाही. वर ते फिन मागून उघडे, टाचेला पट्टा असलेले, म्हणजे आत जाड रबरी मोजे घालून वापरायचे. ते आपल्याला कोण सांगणार? तू अनवाणी घातलेस. तळाशी डावा फिन निघाला अन् गाळात गेला. तू वर आलीस, एका पायानं. आसिफभाई घाबरले. तू नळी काढून म्हणालीस, "चप्पल राहिली देवळात." मी पाच मिनिटं हसत होते, आणि खाली कोण होतं ते आठवल्यावर गप्प बसले.

तो फिन गळानं वर काढला, आणि मग उपायही तूच काढलास. शाळेचे पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट. नाड्या काढून ते घालायचे आणि वर फिनाचा पट्टा आवळायचा. काळ्या फिनात ते असे चपखल बसले की कोकणातल्या तुझ्या सरांनाही तू फोटो पाठवलास. ते म्हणाले, बूट पाणी पितील. तू म्हणालीस, पिऊ द्या.

त्याच सरांनी आपल्याला तुलनेसाठी दुसरी जोडी उसनी दिली होती, निळी. लांब, प्लॅस्टिकची, हलकी. तिथून आपलं भांडण सुरू झालं.

तू मला ताडकळसच्या बाजारात नेलंस. वजन करायला. कांदेवाल्याच्या काट्यावर काळी जोडी ठेवलीस तेव्हा तो बिचारा मागं सरला.

"हे काय हाय बाई? कशाचं कातडं?"

"बदकाचे पाय हायत."

"एवढ्या मोठ्या बदकाचे?"

"मोठंच होतं," तू म्हणालीस. "वजन बगा."

"जोडीचं करू का एकाचं?"

"जोडीचंच करा. एका पायानं कोण पोहायलंय?" हे तू म्हणालीस, एकदा एका पायानं वर आलेली.

काळी जोडी निळीच्या जवळजवळ दुप्पट भरली. मी म्हटलं, बघ. हे पायाला बांधून विहिरीच्या पायऱ्या चढायच्या, बसच्या टपावर टाकायचे, धरणात तासभर पाय मारायचे. कशासाठी? कांदेवाला माझ्या बाजूनं होता. म्हणाला, "पोरगी बरोबर बोलायलीय. हलकं ते चांगलं." तू त्याच्याकडून किलोभर कांदे घेतलेस आणि मला म्हणालीस, "हितलं वजन हितंच ठेव. पाण्यातलं वजन वेगळं असतंय."

ते पाण्यातलं वजन तू मला दाखवलंस तुझ्या मावशीच्या शेतात. कापूस वेचायला बाया आल्या होत्या, त्यांचा कापूस मोजायचा ताणकाटा झाडाला टांगलेला. तू तो काढून आणलास, हौदावर आडवी काठी टाकली, तिला काटा, काट्याला फिन, आणि हळूहळू पाण्यात सोडला. काळा फिन पाण्यात गेला तरी काट्यावर वजन दाखवत राहिला. कमी झालं, पण राहिलं. निळा पाण्याला लागला तसा काटा शून्यावर आला आणि दोरी ढिली पडली. मावशी म्हणाल्या, "ह्याचं तर वजनच गेलं की. चोरलं वाटतं पाण्यानं."

पण निळा पूर्ण तरंगलाही नाही. टाच खाली गेली, टोक वर राहिलं, आणि मग तोही हळूच तळाकडं निघाला. कोकणात हाच फिन समुद्रावर पानासारखा आडवा पडला होता म्हणालीस. मी तिथं तुला धरलं. मी म्हटलं, खारं पाणी वर उचलतं. आपलं पाणी गोडं. समुद्रात जे तरंगतं ते आपल्या विहिरीत तेवढं तरंगत नाही. म्हणजे हलके फिन पाय वर ओढतात ही तुझी भीती समुद्रातून आणलेली आहे.

"हौदातल्या फिनात पाय न्हाई," तू म्हणालीस. "पाय घातला की बग."

आणि तू एका पायात काळा, दुसऱ्या पायात निळा घालून विहिरीत उतरलीस.

ताई, मला खरंच वाटतं, तुझ्या जितक्या चांगल्या आठवणी माझ्याकडं आहेत त्यांतली ही पहिली. तू विहिरीच्या मधोमध उभी राहायचा प्रयत्न करत होतीस आणि तुझा निळा पाय हळूहळू वर येत होता, काळा पाय खाली. बगळ्यासारखी. निळा खाली दाबलास की दुसऱ्या बाजूला कलंडायचीस. पोहायला लागलीस तर गोल गोल. वेचणाऱ्या बाया काठावर आल्या आणि पदर तोंडात घालून हसायला लागल्या. मावशी म्हणाल्या, "सुजे, एक पाय सासरी अन् एक म्हायेरी झालाय तुझा." तू खालून म्हणालीस, "तरी बरं, दोन्ही पाण्यातच हायत."

वर आल्यावर टॉवेलनं केस पुसता पुसता तू मला समजावलंस, आणि ते मी कधी विसरले नाही. आपण बायकांचे पाय पुरुषांच्या पायांपेक्षा पाण्यात जास्त तरंगतात. त्यात हलका फिन घातला की तळाशी थांबल्यावर पाय वर जायला बघतात. तळाशी आपल्याला उभं राहायचंय. हातात लुगडं, समोर ती, आणि आपले पाय वर, डोकं खाली, म्हणजे लुगडं आपल्याच तोंडावर. शिवाय लांब पातं विहिरीच्या भिंतीला लागतं आणि गाळ उठवतं, मग काहीच दिसत नाही. आखूड, जड फिन पाय खाली धरून ठेवतो. मी म्हटलं, कमरेला शिशाचा पट्टा बांध. तू म्हणालीस, पट्ट्यानं कंबर खाली राहते, पाय न्हाई.

हे सगळं विहिरीपुरतं ठीक. मग येलदरी झाली.

धरणाच्या पाण्यात एक जण बुडाला होता. पुरुष होता, तुझी गरज नव्हती, पण माणसं कमी पडली म्हणून तू गेलीस. काळे फिन घालूनच. विहिरीत खाली जायचं आणि वर यायचं. धरणात आडवं पोहायचं, लांब, पुन्हा लांब. जड फिन पाय खाली ओढत राहिले आणि तू प्रत्येक फटक्याला आधी स्वतःचे पाय वर आणत होतीस. मी नावेत होते, मला वरून दिसत होतं. परत येताना तुझ्या पोटरीत गोळा आला. तू हात वर केलास. तू हात वर करणारी बाई नव्हतीस. आसिफभाईंनी तुला नावेला लावलं आणि तू कितीतरी वेळ नावेची कड धरून डोळे मिटून राहिलीस.

जिंतूरहून परभणीच्या बसमध्ये बसलो आणि मग मी सुरू झाले. काय काय बोलले. म्हटलं, तुला तुझ्या त्या फिनांचा गर्व झालाय. म्हटलं, आज तू गेली असतीस. म्हटलं, मी कार्यालयात हलकेच लिहून देणार. तू खिडकीला डोकं लावून ऐकत होतीस.

"तू पत्रकात लिहितीस तसं पाणी नसतंय प्रज्ञे," तू म्हणालीस.

"म्हणजे कसं?"

"एका बाजूचं."

मी म्हटलं, "मग दोन्ही बाजूंचं सांग. विहिरीत जड, धरणात हलके. असं म्हण ना एकदा."

"दोन-दोन जोड्या कोण देतंय आपल्याला? एक मिळाली तर नशीब. अन् एकच मिळणार असंल तर विहिरीची. धरणात बाप्ये हायत. विहिरीत बाईला झाकाया दुसरं कोणी हाय का?"

"आणि तू धरणात बुडालीस तर विहिरीत कोण उतरणार?"

परभणी आली.

पत्रकांवरून आपलं आणखी एक भांडण होतं, आणि ते जास्त लागलेलं आहे. दुसऱ्या एका गावच्या विहिरीवर, तू लुगडं कमरेला बांधत होतीस तेव्हा बांधावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "बाई कोणत्या वस्तीतली म्हनायची?" सगळ्यांना कळलं काय विचारलं ते. तुला तर आधी कळलं. बुडालेल्या मुलीचा भाऊच म्हणाला, "आबा, आता कामून इचारायलात? उतरू द्या त्यांला." तू तोंडात नळी घातलीस आणि उतरलीस. मी बसमध्येच पत्रक लिहिलं. मथळा अजून पाठ आहे: पाणी भरायला बंदी, प्रेत काढायला आमंत्रण. तू वाचलंस, घडी घातलीस.

"चांगलं लिव्हलंस. पण ह्यात गाव कळायलंय. गाव कळलं की विहीर कळतीय. विहीर कळली की पोरगी कळतीय."

"आणि तुझं काय? तुला जे विचारलं त्याचं काय?"

"माझं बगू नंतर."

मला अजून राग आहे त्याचा. त्या म्हाताऱ्याचा आहेच, पण तुझाही. नंतर कधी? तू सगळ्यांना झाकत गेलीस, त्या म्हाताऱ्यालाही झाकलंस. मी झाकणारी नाही. माझ्या आज्याला ज्या आडावर उभं राहू दिलं नाही त्या आडाचं नाव मी भर सभेत घेते. पण ते पत्रक मी छापलं नाही, आणि ते बरोबर केलं की चूक, ते तुझ्याशिवाय कुणाला विचारणार?

दवाखान्यात तू बारीक झालीस. तिथलं मी लिहीत नाही. फक्त एवढंच, की नर्सबाई पायाला मोजे घालत होत्या तेव्हा तू त्यांना म्हणालीस, लहान माप आणा, माझा पाय दिसतो त्यापेक्षा लहान हाय. आणि मी फिनांचं बोलणं काढलं, तुला बरं वाटावं म्हणून. तू म्हणालीस, "तू जड फिन घालून एकदा खाली जा. मग भांड माझ्यासंगं." मी तोवर तळाशी कधी गेले नव्हते. तू शिकवलं होतंस सगळं, पण माझं काम दोर धरायचं. मी म्हटलं, तू बरी हो, मग उतरते. तू हो म्हणालीस. मला वाटतं आपल्या दोघींनाही ते खोटं आहे हे माहीत होतं. तेव्हा मला तुझे आभार मानायचे होते. ते न मानता मी निळ्या फिनांची बाजू मांडत बसले.

आता ऐक. काल उतरले.

आसिफभाईंचा फोन सकाळी आला. पूर्णेकडचं एक गाव. मुलगी, लग्न झालेली, माहेरी आलेली. विहिरीवर गर्दी होती तशीच, मोबाइलही तसेच. कुणीतरी गळ आणून ठेवला होता. एक जण म्हणाला, "ती बाई न्हाई आली का?" मी म्हटलं, "नाही आली. मी हाय."

तुझे कॅनव्हासचे बूट माझ्या पायात गेले नाहीत. माझा पाय तुझ्यापेक्षा मोठा निघाला, मलाही आपलं माप माहीत नव्हतं. पण काळा फिन अनवाणी घातला तर बसला. पट्टा टाचेला कापत होता. लुगडं तुझ्या घरून आणलेलं.

खाली काय होतं ते तुला सांगायची गरज नाही. पण पाय, ताई. पाय खाली राहिले. मी तिच्यासमोर उभी राहिले, तू मला मावशीच्या विहिरीवर सांगितलं होतंस तशी. दोन्ही हात मोकळे. गाळ थोडा उठला आणि बसला. मला घाई करावी लागली नाही. मी तिच्याभोवती लुगडं घेतलं, एकदा, मग पुन्हा, डोक्यावरूनही घेतलं, गाठी मारल्या. हलके फिन असते तर मी हे केलं नसतं. मी घाबरून वर आले असते आणि खाली गळ गेला असता.

वर येताना मात्र पाय उचलेनात. सगळा दम पोटऱ्यांत गेला होता. आसिफभाईंनी मला दोराला धरून वर घेतलं, जवळजवळ तिच्याबरोबरच. काठावर मी फिन घालूनच बसले.

तिची आई आली. रडत नव्हती, रडून झालं असेल. तिनं मुलीच्या तोंडावरचं लुगडं बाजूला केलं नाही, नुसतं त्याच्या काठावरून हात फिरवला.

"हे लुगडं कुणाचं हाय?"

"आमच्या ताईचं."

"परत द्यायचं असतंय का?"

"न्हाई मावशी."

तिनं मान हलवली. मग मला म्हणाली, "टाचेला पट्टा लय कापायलाय बाई. काढ ते." आणि स्वतः खाली बसून माझ्या टाचेवरचा पट्टा सोडवायला लागली. मला तो सोडवता येत नव्हता, कडीत गाळ बसला होता. तिलाही येईना. दोघी त्या पट्ट्याशी झटत बसलो. शेवटी आसिफभाईंनी सोडवला.

आज मी कार्यालयात जाऊन आले. प्रकार एकच: आखूड, रबरी, पाण्यात बुडणारे, टाचेला पट्टा असलेले. मापं वेगवेगळी, लहान मापं जास्त. समोरच्या साहेबांनी विचारलं, लहान मापं कशाला, बायका उतरतात का? मी म्हटलं, उतरतात. ते म्हणाले, किती? सध्या एक आहे आणि तिला लहान माप लागत नाही. पण तुझ्या शाळेतल्या दोघी जणी, आता कॉलेजात असलेल्या, रविवारी पोहायला येतो म्हणाल्यात, आणि त्यांना कागदावर उभं करून मी त्यांचे पाय आखून घेणार आहे. चपलेचा नंबर विचारणार नाही. साहेबांना हे सगळं सांगितलं नाही. फाइलवर त्यांनी सही केली. मी पायऱ्या उतरले आणि रसवंतीवर जाऊन बसले.

तर विहिरीचं तुझं बरोबर होतं. मी खाली जाऊन आले, आता मला भांडायचा हक्क आहे, तूच दिलेला. येलदरीचं तुझं चुकलंच होतं. धरणात त्या फिनांनी तू मेली असतीस, आणि ते तू एकदाही कबूल केलं नाहीस. परभणी आली आणि तू उतरून गेलीस. त्या दिवशी मी तुला विचारलं होतं, तू धरणात बुडालीस तर विहिरीत कोण उतरणार, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

प्रज्ञा